कोशर सॉव्हिन्याँ ब्लाँ: नोंद सातवी, आणि वाया न गेलेली बाटली

मागच्या नोंदीत मी ठोकून दिलं होतं की कोशर वाइन, म्हणजे ज्यूंच्या आहारनियमांत बसणारी वाइन, उकळतात, म्हणून तिचा वास मरतो. ते मागे घेतोय.

झालं असं. आमच्या इथे न्यू जर्सीत शेजारच्या काकू बेने इस्रायली, म्हणजे कोकणातल्या मराठी ज्यू, मूळ अलिबागच्या. शुक्रवारी जेवायला बोलावलं, म्हणून हौसेने यार्डेन या ब्रँडचं गेवुर्त्सट्रामिनर आणलं, त्याच नावाच्या द्राक्षाची सुगंधी पांढरी वाइन. गोलान पठारावरची वाइन. तिथले मळे 1200 मीटरपर्यंत चढलेले, हिवाळ्यात बर्फ पडतो. राहवलं नाही, घरीच बूच काढून वास घेतला. लिची, त्यामागून थेट गुलकंद. बूच परत दाबलं आणि गेलो.

काकूंनी बाटली हातात घेऊन पाहिली. "उघडलीस होय रे? मग तूच पी आता. आमच्या जावयांना चालायची नाही."

द्राक्षं चिरडल्यापासून बाटली बंद होईपर्यंत वाइनला फक्त शब्बाथ (शुक्रवार संध्याकाळपासूनचा विश्रांतीचा दिवस) पाळणाऱ्या ज्यूंचे हात लागायचे, एवढं मला माहीत होतं. पण साधी कोशर वाइन माझ्यासारख्या ज्यू नसलेल्याने उघडून ओतली की तिचं कोशरपण जातं, हे तिथे कळलं. त्यातून सूट फक्त 'मेवुशाल'ला, म्हणजे शिजवलेलीला. वेटर कोणीही असो, चालतं. म्हणून लग्नाकार्यांत बहुतेक तीच. बाकीचे नियम आपल्या हौशी मंडळींना पटतील असेच: वेलीची पहिल्या तीन वर्षांची फळं घ्यायची नाहीत, गाळ बसवायला जिलेटिनऐवजी बेंटोनाइट माती.

पुढच्या शुक्रवारसाठी गूज बे आणली, न्यूझीलंडच्या दक्षिण बेटावरची सॉव्हिन्याँ ब्लाँ (त्या जातीच्या द्राक्षांची पांढरी वाइन), मेवुशाल. त्याआधी माझा संशय तपासायचा होता, म्हणून एक जास्तीची बाटली घरी ठेवली. तिच्यासोबत त्याच देशाची साधी, न तापवलेली सॉव्हिन्याँ ब्लाँ. तीन ग्लास, दोन एकीचे, एक दुसरीचा. बायकोने पाठमोरी उभी राहून ओतले. तीन फेऱ्यांत वेगळा ग्लास मी एकदाच ओळखला. म्हणजे नुसत्या अंदाजाने जेवढं जमलं असतं तेवढंच.

दोन्हींत थंड हवेची तीच खूण: नुकतीच चिरलेली हिरवी ढोबळी मिरची, मग पिकायला आलेल्या पेरूची फोड, शेवटी जिभेच्या कडांना कैरीसारखी आंबट चिमटी. रात्री गार असल्या की द्राक्षातलं आम्ल टिकतं, ही त्याचीच चव. गूज बेचा वास किंचित गोलसर वाटला, पण तेही बाटली कुठली ते कळल्यावर. त्या मताला किंमत नाही.

मग आगाऊपणा केला. साधीतली कपभर वाइन स्टीलच्या भांड्यात 85 अंशांपर्यंत तापवून बर्फात गार केली. पेरूचा पार मुरंबा झाला आणि मिरची उकडलेल्या कोबीवर गेली. माझा मूळ गैरसमज नेमका हाच. वायनरीत बंद नळ्यांतून काही सेकंद तापवतात आणि लगेच थंड करतात. बऱ्याच ठिकाणी तर आंबवण्याआधी, रसच तापवतात. उघड्या पातेल्यात निम्मा वास चिमणीतून जातो, तो तिथे जायला वाटच नाही.

काकूंकडे गूज बे नारळ-चिंचेच्या माशाच्या कालवणाबरोबर झकास लागली. गव्हाच्या चिकाच्या हलव्यापुढे मात्र फिकी. तिथे ते गेवुर्त्सट्रामिनर हवं होतं, आणि ते मी आठवडाभरात एकट्याने संपवलं होतं.

किद्दुशला, म्हणजे जेवणाआधी पेला हातात घेऊन म्हणायच्या शब्बाथच्या प्रार्थनेला, मात्र काकूंनी वाइन घेतलीच नाही. कोकणात कोशर वाइन मिळायची कुठे, म्हणून काळ्या मनुका भिजवून, कुस्करून, गाळून सरबत करायचे. त्यांच्या हाताला तेच वळण. माप विचारलं तर म्हणाल्या, "मूठभर." कोणाची मूठ, ते सांगितलं नाही. पाव किलो मनुका आणल्यात, पुढची नोंद त्याची.