पाकोळीचं हृदय आणि बारा आकड्यांचा रकाना

आमच्या घोडीच्या, पाकोळीच्या, हृदयाची पूर्ण तपासणी दीड तासात झाली. त्या दीड तासापर्यंत पोचायला मला एकोणीस दिवस लागले. ज्यांच्या दारात घोडं आहे त्यांनी हे वाचावं म्हणून सगळं लिहितेय. राग अजून गेलेला नाही, तेही सांगून टाकते.

साताऱ्यात वाढे फाट्याच्या पुढे आमची छोटी पागा आहे. पाच जनावरं. आबांनी सुरू केली, आता मी बघते. रविवारी मुलं स्वारी शिकायला येतात. पाकोळी सतरा वर्षांची, भीमथडीच्या रक्ताची, सगळ्यात शांत. नवीन पोर आलं की पहिल्यांदा तिच्याच पाठीवर बसायचं.

जूनमध्ये धनुर्वाताची लस द्यायला आमचे नेहमीचे डॉक्टर आले. ते लस देण्याआधी छाती ऐकतातच. डावा पाय थोडा पुढे घेऊन कोपराच्या मागे, अगदी आत स्टेथोस्कोप दाबला आणि बराच वेळ उठलेच नाहीत. मग नळ्या माझ्या कानात घातल्या. लब, डब, आणि डबच्या पाठोपाठ लांब घुमणारा सूर. पारवा वळचणीला घुमतो ना, अगदी तसा. त्यांनी माझी बोटं तिच्या जबड्याच्या खालच्या कडेला ठेवली. तिथली नाडी बोटांना उसळी मारत होती.

महाधमनीच्या तोंडाशी जी झडप असते ती वयानं जाड होते, नीट मिटत नाही, आणि हृदय सैल पडताना रक्त उलटं गळतं. उतारवयाच्या घोड्यांत हे बरंच आढळतं. आवाजाला त्यांनी सहापैकी चार दिले, पण आवाज मोठा म्हणजे गळती मोठी असं नसतं म्हणाले. नाडी अशी उसळते तेव्हा मात्र इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, करून घ्यायचाच. ‘तोवर पोरं बसवू नका.’

तालुक्याला मिळतं ते गाभण तपासायचं मशीन इथे चालत नाही. पाकोळी तीनशे किलोची, घोड्याचं हृदय वजनाच्या साधारण एक टक्का, म्हणजे तीन किलोचा गोळा, तोही फासळ्यांच्या आत. पंचवीस-तीस सेंटीमीटर खोल बघणारा प्रोब, म्हणजे सोनोग्राफीत अंगाला टेकवायचा भाग, लागतो. ‘सोनोग्राफी आहे का’ एवढंच फोनवर विचारू नका, ‘घोड्याच्या हृदयाचा प्रोब आहे का’ असं विचारा. मी विचारलं, एका मोठ्या दवाखान्यात आहे असं कळलं, वार ठरला, संपतमामांचा पिकअप सांगितला, खाली भाताचं काड अंथरलं आणि पहाटे निघालो.

साडेनऊला मी नोंदणीच्या खिडकीवर उभी होते. कॉम्प्युटरवर बसलेल्या मुलानं नाव, गाव, मोबाईल घेतला. मग म्हणाला, ‘बिल्ला नंबर सांगा.’

‘घोडी आहे दादा.’

‘हो, पण नंबर?’

गाई-म्हशींच्या कानात पिवळा बिल्ला असतो, त्यावर बारा आकडे. घोड्याच्या कानात तो नसतो. आमच्या पाकोळीला मानेत चिप आहे, तिचा नंबर पंधरा आकडी. मी पासबुकासारखी जपलेली पावती पुढे केली. त्यानं आकडे टाकले. बारा झाल्यावर रकाना थांबला. त्यानं पुन्हा टाकले, पुन्हा थांबला. ‘तीन आकडे जास्त आहेत ताई.’ मी म्हटलं, बाजूला ‘इतर’ असेल तिथे टाका. ‘इतर’ला पण बिल्ला विचारत होतं. नंबर भरल्याशिवाय केसपेपर निघत नाही आणि केसपेपरशिवाय जनावर आत घेता येत नाही, असं तो तीन वेळा म्हणाला. शेवटी म्हणाला, ‘गावात जाऊन बिल्ला मारून आणा, मग लगेच करतो.’

घोड्याच्या कानाला भोक पाडा, असं तो मला सांगत होता. घोडं बोलतं ते कानांनी. माझ्या आबांनी हे ऐकलं असतं तर त्यांना खिडकीपासून ओढून आणावं लागलं असतं.

वरिष्ठांना भेटायचं म्हटलं तर ते मीटिंगला. अकरा वाजले. बाहेर पत्रा तापायला लागला होता. पाकोळी पिकअपमध्ये मान खाली घालून उभी, नाकपुड्या रुंदावलेल्या, मोरखीखाली घामाची पांढरी रेघ. जिच्या हृदयासाठी आलो तीच उन्हात उभी आणि मी आकडे मोजतेय. संपतमामा बादलीनं तिच्या पायांवर पाणी ओतत होते. एक वाजता खिडकी जेवायला बंद झाली. मामा म्हणाले, ‘चल पोरी, जनावराचे हाल नको.’ आम्ही परत फिरलो. रस्ताभर मी एक शब्द बोलले नाही.

नंतर दोन आठवडे फोन. एकदा सांगितलं मेल करा. मेल केला तर सांगितलं प्रत्यक्ष या. प्रत्यक्ष एकटी गेले तर म्हणे जनावर कुठाय. या दिवसांत मी रात्री उठून पागेत जायचे आणि तिच्या छातीला कान लावायचे. त्यात आणखी एक भीती बसली: दर चौथा ठोका गळायचा. तीन ठोके, मग शांतता, मग पुन्हा. मला वाटलं संपलं.

वाट निघाली ती तिथल्याच एका जुन्या ड्रेसरमुळे. ते म्हणाले, कॉम्प्युटर राहू द्या, तुमच्या डॉक्टरांकडून लेटरहेडवर चिठ्ठी आणा, त्यात घोडीचा रंग, वय, भोवरे, चिप नंबर आणि काय तपासायचं ते लिहून आणा, आणि खिडकीवर न जाता थेट तपासणाऱ्या डॉक्टरांना द्या. तसं केलं. डॉक्टर मॅडमनी चिठ्ठी वाचली, हातानं लिहायचं रजिस्टर कपाटातून काढलं आणि ओळ भरली. दहा मिनिटं लागली. ते रजिस्टर पहिल्या दिवशीही त्याच कपाटात होतं.

म्हणून चिठ्ठी आधी, पिकअप नंतर.

तपासणीचं फार सांगण्यासारखं नाही. कोपरामागचे केस काढले, स्पिरिट, जेली, प्रोब. पाकोळी हलली नाही. ईसीजीचा एक चिमटा मानेला, एक कोपरामागे. आरामात 36 ठोके, आणि तो गळणारा ठोका मॅडमनी लगेच दाखवला: वरचा कप्पा आकुंचन पावतो, पण इशारा खाली पोचत नाही. आरामात असलेल्या घोड्यात हे नेहमीचं, चालवलं की जातं. खरंच, लांब दोरीवर दुडकी काढली आणि ठोके एका सुरात पडायला लागले. मी तिथेच खाली बसले. चौदा रात्री ज्यासाठी जागले ते आजारपण नव्हतंच. मग तंगाखाली ईसीजी टिपणारं छोटं यंत्र बांधून तिला आणखी पळवलं. जादा ठोके कुठेही आले नाहीत.

गळती मध्यम निघाली, डावा कप्पा थोडा मोठा. माझा एकच प्रश्न होता, हिच्यावर कोणी बसायचं की नाही? मॅडमनी 2014 मधल्या शिफारशी उघडल्या. घोड्याच्या हृदयाच्या अमेरिकी आणि युरोपीय तज्ज्ञांनी मिळून केलेल्या, यादीत पहिलं नाव डॉ. व्हर्जिनिया रीफ. पेन्सिल्व्हेनिया विद्यापीठाच्या न्यू बोल्टन सेंटरमध्ये या बाईंनी घोड्याच्या हृदयाच्या सोनोग्राफीत अख्खी कारकीर्द घातली. पळताना ईसीजी का काढायचा, गळतीवर किती दिवसांनी नजर टाकायची, अशा घोड्यावर बसायला कोण चालेल, हे त्यांनी आणि सोबतच्यांनी लिहून ठेवलंय. धोका ठाऊक असलेल्या प्रौढ माणसानंच बसायचं, लहान मुलांनी नाही. स्वार जाणता हवा, कारण घोडी अचानक कोसळली तर खाली तोच सापडणार. हे ऐकल्यावर मला कोणाशी वाद घालावासा वाटला नाही. इतक्या लांब बसलेल्या एका बाईच्या मेहनतीमुळे माझ्या पागेतली पोरं सुरक्षित राहिली, याचं मला फार वाटतं.

हो, एक राहिलं. जाताना घोड्याला घाई करून गाडीत चढवू नका. पोचल्यावर किमान अर्धा तास सावलीत उभं करा, नाहीतर आरामातला आकडा आरामातला येत नाही. आणि रिपोर्टची फाईल मागून घ्या, नुसता कागद नको. पुढच्या वर्षी कप्प्याचं माप ताडून बघायला तीच लागते.

पाकोळीवर आता मीच बसते, तेही ओढ्यापर्यंत, चालीत. रोज सकाळी खराऱ्याआधी जबड्याखाली बोटं ठेवून मिनिटभर मोजते आणि पागेच्या वहीत लिहिते. आज 34. लेक शेजारी घड्याळ धरून उभी असते. तिला बसायचंय अजून, पण ती मोरखी धरून पाकोळीला फिरवून आणते.