नजर पट्ट्याच्या गाठीवर

सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी लेख पाठवावा, असे पत्र हाती आले तेव्हा शाळेविषयी लिहायला बसलो आणि सरांविषयीच लिहीत गेलो. संपादक मंडळाने हे चालवून घ्यावे.

तालमीच्या लाल मातीत वाढलेले सर महाविद्यालयात असताना ज्युदोकडे वळले, राज्य अजिंक्यपद मिळवले, राष्ट्रीय स्पर्धेत पदक घेतले आणि गुडघा कायमचा दुखावल्यावर बी.पी.एड. करून आपल्या शाळेत रुजू झाले, एवढेच आम्हांला ठाऊक होते, आणि तेही शिपाईमामांकडून. पदकांविषयी सर कधी बोलत नसत. कुस्तीतील धोबीपछाड आणि ज्युदोतील खांद्यावरून फेकण्याचा डाव सेओई नागे यांची भावकी कशी आहे, हे मात्र तासभर सांगत.

पहिले तीन महिने त्यांनी आम्हांला फक्त पडायला शिकवले. प्रार्थना सभागृहात काथ्याच्या चटयांवर ताडपत्री ताणून बांधलेली असे. हनुवटी छातीला, नजर पट्ट्याच्या गाठीवर आणि पाठ टेकता क्षणी हात अंगापासून जरा दूर, तळवा पालथा, सपकन जमिनीवर. "आवाज हाताचा आला पाहिजे, डोक्याचा नाही," असे ते म्हणत.

नववीत आंतरशालेय स्पर्धेच्या अंतिम लढतीत माझा ओसोतो गारी, म्हणजे पायाने पाय झाडून पाडण्याचा डाव, लागला. पंचांनी हात सरळ वर करून 'इप्पोन', म्हणजे लढत तिथेच संपवणारा पूर्ण गुण, पुकारला आणि आमच्या वर्गातील मुलांनी बुटांसकट मॅटवर धावत येऊन मला खांद्यावर घेतले. समोरचा मुलगा नमस्कारासाठी आपल्या जागी तसाच उभा होता. त्याचा पट्टा सुटला होता. सर आले, मला खाली उतरवले, वाकून त्या मुलाचा पट्टा स्वतःच्या हातांनी बांधला आणि मग मला त्याच्यासमोर उभे केले. ते रागावले नाहीत. परतताना एसटीत त्यांनी १९६४ च्या टोकियो ऑलिंपिकची हकीकत सांगितली. ज्युदोचा त्या वर्षी ऑलिंपिकमध्ये प्रथमच समावेश झाला होता आणि खुल्या गटाच्या अंतिम लढतीत, जपानच्याच बुदोकान सभागृहात, नेदरलँड्सच्या अँटोन गीसिंक यांनी अकिओ कामिनागा यांना हरवले. आनंदाने मॅटकडे धावणाऱ्या आपल्याच देशबांधवांना गीसिंक यांनी हात उंचावून थांबवले. एवढे सांगून सर खिडकीबाहेर पाहत राहिले. त्या दिवशीचे माझे पदक कुठे गेले ते आठवत नाही, तो सुटलेला पट्टा आठवतो.

आज मी पाटबंधारे खात्यात कार्यकारी अभियंता आहे. त्या सभागृहात आता संगणक कक्ष झाला आहे. मुलांना संगणक हवेतच, परंतु चटयांना शाळेत एखादा कोपराही मिळू नये, याचे फार वाईट वाटते.

मागच्या पावसाळ्यात कालव्याच्या शेवाळलेल्या पायरीवरून पाय घसरून मी पाठीवर पडलो. डोके वाचले, तळव्याला टाके पडले. पट्टी बांधलेल्या हातानेच सरांना भेटायला गेलो. काठी टेकत ते दारापर्यंत आले, हात उलटसुलट करून पाहिला.

"तळवा पालथा होता ना?"

"होय, सर."

"आणि नजर?"

"गाठीवर, सर."