वाऱ्याचे निमित्त

शुक्रवार, रात्री साडेदहा

पर्स रिकामी करताना दीवच्या सायकलफेरीचा तो घडी घातलेला कागद आज पुन्हा हाती लागला आणि चार दिवस दाबून ठेवलेली गोष्ट पुन्हा वर आली. कागदावर सात ठिकाणे छापली आहेत. झांपा दरवाजा, नगरशेठची हवेली, सेंट थॉमस, सेंट फ्रान्सिस, सेंट पॉल, किल्ला आणि शेवटी खुकरी स्मारक. त्यांपैकी सहा पाहिली, सातवे राहिले. हकीकत एवढीच आहे, आणि ती दुसऱ्या कोणी मला सांगितली असती तर 'बरं, मग?' असे म्हणून मी भाजी निवडत बसले असते.

पण 'राहिले' या शब्दापाशीच मी अडखळते. ते राहिले नाही, ते वगळले गेले, आणि माझ्यामुळे वगळले गेले.

सोमनाथ झाल्यावर दीवला एक रात्र काढायची हे निघतानाच ठरले होते. सकाळची सायकलफेरी मात्र सर्वस्वी माझी हौस. यांनी नेहमीप्रमाणे गुडघ्याकडे बोट दाखवले आणि ते लॉजच्या व्हरांड्यात चहा घेत थांबले. आम्ही पाच जण होतो: पुण्याचे एक तरुण जोडपे, सुरतेची कॉलेजातली दोन मुले आणि मी. वाट दाखवणारा मुलगा तिथलाच, पंचविशीचा असावा. तो पहिल्यापासून मला 'बा' म्हणत होता. गुजरातीत बा म्हणजे आई, हे मला ठाऊक आहे; पण आमच्या भागात बा म्हणजे बाप, त्यामुळे त्याच्या प्रत्येक हाकेला मला आधी मिशी फुटल्यासारखे वाटायचे आणि मग मी वळून पाहायचे. त्याने मी न सांगताच माझ्या सायकलची सीट खाली करून दिली. खरे म्हणजे तेव्हाच मला काय ते कळायला हवे होते.

सुरुवात फार सुंदर झाली, हे लिहिले नाही तर त्या मुलावर अन्याय होईल. सकाळी सात वाजता गाव नुकते उठत होते. तटाला असलेला झांपा दरवाजा लाल रंगाने रंगवलेला आहे आणि त्याच्यावर सिंह आणि देवदूत एकाच घरची भावंडे असल्यासारखे कोरलेले आहेत. तटाच्या आत गल्ल्या इतक्या अरुंद, की समोरून दुधाची मोटारसायकल आली की आम्ही पाचही जण भिंतीला टेकायचो. वाटेत फांद्या फुटलेले ताड लागले. ताडाला फांद्या फुटतात हे मी आयुष्यात प्रथमच पाहिले. त्याला तिथे होका म्हणतात आणि तो पोर्तुगिजांनी आफ्रिकेतून आणला असे तिकडे सांगतात. थॉमसच्या चर्चमध्ये आता संग्रहालय आहे, फ्रान्सिसच्या चर्चमध्ये दवाखाना भरत असे, आणि सेंट पॉलमध्ये मात्र अजून प्रार्थना होते. तिथल्या काळपट लाकडी कोरीवकामाखाली उभी असताना मला आमच्या वाड्यातल्या जुन्या देव्हाऱ्याची आठवण झाली. तो विकला गेला. असो.

या चर्चांकडे जाताना एक चढ लागतो. फार मोठा नाही, पंचगंगेच्या घाटावरून गावात येताना लागतो तेवढाच असेल. गिअर कोणता टाकायचा यात माझा गोंधळ झाला, चेन कुरकुरली आणि मी उतरून सायकल हातात धरून चालू लागले. वर पोहोचले तेव्हा सगळे थांबले होते आणि तो मुलगा बाटलीतले पाणी पीत समुद्राकडे पाहत होता. तिथून समुद्र दिसत नव्हता. तो कुठेतरी पाहत होता एवढेच, आणि ते कुठेतरी म्हणजे माझ्याखेरीज कुठेही.

किल्ल्यात त्याला खरा सूर सापडला. किल्ला बेटाच्या पूर्वेच्या टोकावर आहे, तिन्ही बाजूंनी समुद्र आहे आणि चौथ्या बाजूला खडक फोडून काढलेला खंदक. गुजरातच्या बहादूरशहाला हुमायूनची धास्ती पडली होती, म्हणून त्याने 1535 साली पोर्तुगिजांना इथे किल्ला बांधू दिला. आणि दोनच वर्षांनी याच पाण्यात, त्याच पोर्तुगिजांशी झालेल्या झटापटीत तो बुडून मेला. मग 1538 चा वेढा, मग 1546 चा. त्या दुसऱ्या वेढ्यात किल्ल्याची दुर्दशा झाली आणि डागडुजीला पैसे नव्हते. तेव्हा दों जुआंव द कास्त्रो या पोर्तुगीज गव्हर्नराने गोव्याच्या नगरसभेकडे कर्ज मागितले. तारण म्हणून त्याला वेढ्यात मेलेल्या आपल्या मुलाच्या अस्थी पाठवायच्या होत्या. पण ते प्रेत उकरून काढण्याजोगे झालेले नव्हते, म्हणून त्याने आपल्या दाढीचे केस पाठवले. सुरतेची मुले खो खो हसली. मी म्हणाले, आमच्या कोल्हापुरात असता तर मिशी ठेवली असती, आणि व्याजही त्याच्याकडूनच वसूल झाले असते. सगळे पुन्हा हसले, आणि त्या हसण्याच्या भरातच माझ्या तोंडून नको ते निघून गेले. मुलगा सांगत होता की दीव मुक्त झाले ते 19 डिसेंबर 1961 ला. मी म्हणाले, म्हणजे दीवची मुक्ती आणि मी एकाच सालच्या. हिशेब अवघड नव्हता. त्याने तो तिथेच, त्या तोफेशेजारी उभ्या उभ्या केला असणार.

बाहेर आल्यावर त्याने आकाशाकडे पाहिले आणि आज वारा समोरून आहे, असे हिंदीत सांगितले. खुकरीकडे किनाऱ्याने जावे लागते, पुढे टेकाडाचा चढ आहे, वाऱ्यात वाळू डोळ्यांत जाते. तेव्हा आज इथूनच परत फिरू या.

वारा नव्हता. माझ्या ओढणीचे टोक हलत नव्हते. धक्क्याला लागलेल्या होड्यांवरची रंगीत फडकी ओल्या टॉवेलासारखी लोंबत होती. मी ते सगळे पाहिले, आणि मी ते पाहते आहे हे त्यानेही पाहिले. आणि तेवढ्यात पुण्याची मुलगी म्हणाली, "हो हो, तसंही ऊन झालंय."

त्या 'हो हो'ने माझी चार दिवसांची झोप उडवली आहे. मुलाचा राग मला आला होता, पण तो लॉजवर लिंबूसोडा पिईपर्यंत ओसरला. तिचे ते दोनदा 'हो' म्हणणे मात्र जात नाही. ती घाई करुणेची होती की कंटाळ्याची? चढावर मी मागे राहिले तेव्हा त्या दोघांत काही बोलणे झाले असेल का? की त्या मुलाने आधीच सर्वांना डोळ्यांनी विचारून घेतले होते, आणि ठराव मंजूर झाल्यावर तो फक्त मला वाचून दाखवण्यात आला? सात ठिकाणांचे पैसे मी भरले होते. सातवा हिस्सा परत मागावा असा हिशोबी विचारही एकदा माझ्या मनात आला. मास्तरकी सुटली तरी टक्केवारी सुटत नाही.

खुकरीला मला का जायचे होते ते इथे सविस्तर लिहीत नाही. 9 डिसेंबर 1971 च्या रात्री ती युद्धनौका याच किनाऱ्यापुढच्या समुद्रात पाकिस्तानी पाणबुडीने बुडवली. 18 अधिकारी आणि 176 नौसैनिक गेले. कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला जहाज सोडून आलेच नाहीत. टेकाडावर काचेच्या पेटीत तिची प्रतिकृती ठेवली आहे, ती समुद्राकडे तोंड करून. त्या डिसेंबरात आमच्या वाड्यातला रेडिओ आठ दिवस सारखा सुरू होता आणि मग एका संध्याकाळी कोणीतरी उठून तो बंद केला. मी दहा वर्षांची होते. पुढचे राहू दे.

आता न्यायाची गोष्ट लिहायची तर हेही लिहिले पाहिजे, की दुपारी यांनी रिक्षा करून तिथे जाऊन येऊ असे दोनदा म्हटले होते. बसला अजून तीन तास अवकाश होता. मी डोके दुखते असे सांगून भिंतीकडे तोंड करून झोपले. म्हणजे सातवे ठिकाण मी माझ्या फुगण्यामुळे गमावले. वाऱ्याचा त्यात तितकासा दोष नाही.

घरी आल्यावरही धुसफूस संपली नव्हती. काल सकाळी जिन्याखालची भाच्याची सायकल बाहेर काढली आणि हवा भरायला नेली. पंक्चरवाला म्हणाला, "ठेवून जावा काकी, पोराला लावून द्या, देतो त्याच्याकडं." मी काही न बोलता तिथेच उभी राहिले, हवा भरून घेतली आणि त्याच्यासमोरच सीटवर बसले. ज्या मुलीने तासाच्या भाड्याने घेतलेल्या पुरुषी सायकलीच्या दांडीखालून पाय घालून हाफ पायडल मारत सायकल शिकून घेतली आणि पुढे मैत्रिणींबरोबर पन्हाळ्यापर्यंत मजल मारली, तिच्याविषयी एवढे अज्ञान शहरात असावे याचे मला वाईट वाटत होते. (घाटात आम्ही सायकली ढकलतच नेल्या होत्या. हे मी सहसा सांगत नाही.) रंकाळ्याला वळसा घालायचाच असे ठरवून निघाले. शालिनी पॅलेसच्या बाजूला आले तेव्हा पाण्यावरून खराखुरा, समोरून येणारा, डोळ्यांत पाणी आणणारा वारा सुटला होता, आणि मला दोनदा उतरावे लागले. वाऱ्याला कोठे आणि केव्हा यायचे याचे काही भान नाही.

आणि मग आज सकाळचे.

आक्काचे पाय चेपताना मी हे सगळे तिला सांगितले. जरा रंगवूनच सांगितले असेन. होड्यांवरची फडकी, पुण्याच्या मुलीचे 'हो हो', सगळे. कोणी आपल्याला न विचारता आपल्यासाठी ठरवते आणि वर आपण दुखावले जाऊ नये म्हणून खोटे बोलते, हे किती लागते, असे मी म्हणाले. आक्काने डोळे मिटून ऐकून घेतले. मला वाटले, तिला झोप लागली. मग डोळे न उघडताच ती म्हणाली, "आज अंबाबाईला रांग किती हाय गं?"

माझे हात थांबले.

दसऱ्यापासून मी तिला किती वेळा सांगितले असेल, आज फार रांग आहे, महाद्वारातूनच हात जोड, आपण परत जाऊ? पाच वेळा तरी. एकदा दुपारी दोन वाजता सांगितले होते, तेव्हा समोर काळे कुत्रेही नव्हते. तिला धाप लागते, तिला दगडी फरशीवर उभे राहवत नाही, हे सगळे खरे आहे. पण मी तिला ते कधी म्हटले नाही. मी रांग म्हटले. आणि तिने दर वेळी "बरं" म्हटले, हात जोडले आणि रिक्षात बसताना पदर नीट केला. तिचे ते 'बरं' मी माझ्या कौशल्याचे फळ समजत आले. दर वेळी ती रांगेच्या जागी काय पाहत असेल, ते आता मला नेमके ठाऊक आहे, कारण ओल्या टॉवेलासारखी लोंबणारी ती फडकी मीही पाहिली आहेत.

तो मुलगा निदान मला सहा ठिकाणे दाखवून मग खोटे बोलला. मी तर पहिल्याच ठिकाणावरून परत फिरवत होते.

यावर स्वतःला फार कोसत बसावे असे दुपारी वाटत होते आणि तासभर मी ते मनापासून केलेही. पण आक्काने चार वाजता चहा मागितला, चहात साखर कमी पडली म्हणून बोल लावला, आणि मग कपाटातली हिरवी साडी काढायला सांगितली. त्यामुळे पश्चात्तापाला फारसा वेळ मिळाला नाही. तुला जमेल का, असे मी तिला आज प्रथमच सरळ विचारले. ती म्हणाली, "न जमाय काय झालं? न्हाई जमलं तर खाली बसंन की."

सहाला गेलो. शुक्रवार आहे हे माझ्या ध्यानातच राहिले नव्हते. रांग खरोखरच बाहेरपर्यंत आली होती. लेकुरवाळ्या बाया, सहलीची पोरे, ओटीच्या पिशव्या, सगळा गाव लोटल्यासारखा. रिक्षातून उतरताच मी म्हणाले, "आक्का, आज रांग आहे गं. खरंच आहे." माझा आवाज मलाच लबाडासारखा ऐकू आला.

तिने माझा दंड धरला, पायातल्या चपला काढून माझ्या हातात दिल्या आणि रांगेच्या शेवटच्या बाईच्या मागे जाऊन उभी राहिली.

"असू दे रांग," ती म्हणाली. "वारं तर सुटलं न्हाई न्हवं?"