गळकं छत, पुण्याचे मालक आणि अकरा महिन्यांचा करार: माझा अनुभव

ठाण्यातल्या नौपाड्यात आम्ही भाड्याने राहतो, जुन्या इमारतीत, शेवटच्या मजल्यावर. जुलैत बेडरूमचं छत गळायला लागलं. आधी पोपडे आले, मग ट्यूबलाइटच्या पट्टीवरून पाणी टपकायला लागलं. त्या खोलीचा एमसीबी, म्हणजे विजेचा मुख्य स्विच, बंद करून टाकला. सासूबाईंना दमा आहे. ओलीच्या वासाने त्या रात्र रात्र उठून बसायच्या. तेव्हाचा संताप अजून आठवतो.

मालक पुण्याला. फोनवर म्हणाले, "पावसात कुठे गळत नाही? आणि ते काम सोसायटीचं." सेक्रेटरी म्हणाले, "मॅडम, तुम्ही सभासद नाही. मालकांचा अर्ज आणा." नियमाने दोघांचंही बरोबर होतं. गच्चीतून पावसाचं पाणी वरच्या मजल्यावर झिरपलं तर दुरुस्ती सोसायटीने करायची, असं सोसायट्यांच्या आदर्श उपविधींतच, म्हणजे नमुना नियमांतच, आहे. पण अर्ज मालकांनी करायचा, आणि तेवढंच ते करत नव्हते.

महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, 1999 चं कलम 14 माझ्या वाचनात आलं. मालकाला किमान 15 दिवसांची नोटीस द्यायची. तरी तो हलला नाही तर दुरुस्ती आपण करून खर्च भाड्यातून वळता करायचा, वर्षाच्या भाड्याच्या चौथ्या हिश्शापर्यंत. ओळखीच्या वकीलबाईंना विचारलं, तर त्यांनी थांबवलं. ते कलम भाडेकरूसाठी आहे. आमचा अकरा महिन्यांचा करार लिव्ह अँड लायसन्सचा, आणि त्यावर राहणारा कायद्याने भाडेकरू नसतोच, त्याला जागा वापरायची परवानगी असते. "भाडं कापलंत तर थकबाकीदार तुम्हीच ठराल. आधी करार काढा," त्या म्हणाल्या.

करार नोंदणी केलेला होता. त्यात मोठी दुरुस्ती मालकाकडे, किरकोळ आमच्याकडे, असं स्पष्ट लिहिलेलं. करारातल्या त्या कलमावर बोट ठेवून मालकांना पत्र लिहिलं. सोबत तारखेचे फोटो, डॉक्टरांची चिठ्ठी आणि मालकांच्या नावाने सोसायटीला द्यायचा तयार अर्ज. त्यांनी नुसती सही करायची. स्पीड पोस्टने पाठवलं, व्हॉट्सअ‍ॅपवरही टाकलं. एवढ्या फोनांनी जे झालं नव्हतं ते त्या तयार अर्जाने झालं. सही होऊन आला.

गच्चीवर पावसाचं पाणी वाहून नेणाऱ्या पाइपचं तोंड पालापाचोळ्याने तुंबलं होतं आणि साचलेल्या पाण्याखाली कोब्याला भेगा पडल्या होत्या. ओल्यात वॉटरप्रूफिंग धरत नाही, म्हणून तोंड मोकळं करून ताडपत्री घातली. पक्कं काम दिवाळीनंतर झालं. तोवर एक खोली बंद असल्याने भाडं कमी करून मागितलं. मालकांनी मानलं, आणि ते मी मेलवर लिहून घेतलं.

नवा करार करताना दोन अटी घालायला लावल्या: गळतीची तक्रार आली की मालकाने आठवड्याच्या आत सोसायटीला अर्ज द्यायचा, आणि घर ताब्यात घेतानाचे फोटो दोघांनी मान्य करायचे, म्हणजे जुन्या ओलीचा रंगखर्च डिपॉझिटमधून कापला जात नाही. एजंट म्हणाला, "मसुदा ठरलेला असतो." दोघांना मान्य असेल तर अट घालता येते. त्याच्या शेजारी बसून दोन्ही टाइप करून घेतल्या.