चार रुपये

स्टेशनपासून आमच्या घरापर्यंत रिक्षाचे सव्वीस रुपये होतात आणि माझ्याकडे सव्वीस रुपये कधीच नसतात. तीस असतात. दहाच्या तीन नोटा पुढे केल्या की रिक्षावाला त्या घेतो, वरच्या खिशात कोंबतो आणि समोरच्या काचेतून लांब कुठेतरी बघायला लागतो. मी उतरत नाही. तो वळत नाही. मग मी म्हणते, "चार रुपये?" तो म्हणतो, "छुट्टा नहीं है." पुढचं सगळं ठरलेलं. तो शर्टाचा खिसा बाहेरूनच चाचपतो, मी पर्सचे चारही कप्पे उपसते, मागची रिक्षा हॉर्न वाजवते. शेवटी मी "राहू दे" म्हणून उतरते आणि दोन मजले चढेपर्यंत त्याच्याशी मनातल्या मनात जे भांडते, त्यात मी एकदाही हरलेली नाही.

चार रुपयांनी तू काय गरीब होणार आहेस का, असं मला घरीदारी सगळ्यांनी विचारून झालंय. प्रश्न चार रुपयांचा नाही, तत्त्वाचा आहे, असं मी त्यांना सांगते. खोटं आहे ते. प्रश्न चार रुपयांचाच आहे.

भाड्याचे हे आकडे जे कोणी काढतात त्यांना एकदा भेटायला हवं. मुंबईत पहिल्या दीड किलोमीटरचं रिक्षाभाडं २०१५ साली १८ रुपये झालं, मार्च २०२१ मध्ये २१, ऑक्टोबर २०२२ मध्ये २३ आणि फेब्रुवारी २०२५ पासून २६. एक आकडा पाचाच्या पाढ्यात असेल तर शपथ. त्यापुढे दर किलोमीटरला १७ रुपये १४ पैसे. चौदा पैसे! पंचवीस पैसे आणि त्याखालची झाडून सगळी नाणी ३० जून २०११ पासून बाद झाली आहेत. म्हणजे चौदा पैसे हे आता आत्म्यासारखे. आहेत म्हणायचं, दाखवायचे नाहीत.

पण या भाड्यांचा मला एक उपयोग होतो. मला साल पटकन आठवत नाही, भाडं आठवतं. नोकरी लागली तेव्हा अठरा होतं. बाबा गेले तेव्हा एकवीस. त्यानंतर पंधरा दिवसांनी मी पहिल्यांदा ऑफिसला गेले आणि संध्याकाळी परत आले तर आईने दार उघडून विचारलं, "सुटे दिले का गं त्याने?" कित्येक दिवसांत ती माझ्याशी एवढं सलग वाक्य बोलली नव्हती. मी म्हटलं, नाही दिले, चार रुपये ठेवून घेतले. मग आम्ही दोघी स्वयंपाकघरात उभ्या राहून त्या रिक्षावाल्याला अर्धा तास यथेच्छ नावं ठेवली. चहा दोनदा झाला. मोठं काही सांगायचं तर बसावं लागतं, समोरच्याची तयारी लागते. चार रुपयांचं गाऱ्हाणं दारातच, चपला काढता काढता सांगता येतं. तेव्हापासून ती रोज विचारते. मी रोज सांगते.

तशी ही तक्रार आमच्या घराण्यातलीच. आजोबा सुट्ट्यांना खुर्दा म्हणायचे, आजी मोड म्हणायची. "शंभराची मोड आहे का गं?" मला हा शब्द फार आवडतो. मटकीला येतात तेही मोड आणि नोटेची होते तीही मोड. आजोबा सोळा आण्यांच्या रुपयात वाढलेले. १ एप्रिल १९५७ ला शंभर नव्या पैशांचा रुपया आला आणि एका आण्याचे हिशोबाने सव्वासहा नवे पैसे झाले. आता सव्वासहा पैसे कोण कोणाला मोजून देणार? हातावर सहाच पडायचे. तो वरचा पाव पैसा आजोबा कधी विसरले नाहीत. त्यांच्यापुढे चारचौघांत पगारवाढीचा विषय निघाला काय किंवा युद्धाचा निघाला काय, बोलणं फिरून पाव पैशापाशी यायचं.

बसमध्ये मात्र मी गाऱ्हाणं करत नाही, कारण कंडक्टर हा या विद्येतला खरा पंडित. बेस्टने जुलै २०१९ मध्ये कमीत कमी भाडं आठवरून पाच रुपयांवर आणलं आणि एसी बसचं सहा ठेवलं. दहाची नोट पुढे केली की कंडक्टर म्हणायचा, "एक रुपया द्या, पाच देतो." पैसे परत मिळवण्यासाठी आधी आणखी पैसे द्यायचे, हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी दोन स्टॉप जाईपर्यंत हिशोब करत होते. बरोबर होता. पुढे सवयच झाली. एकदा पर्समध्ये काही केल्या रुपया सापडेना. शेवटी तळाशी अहेराचं एक पाकीट निघालं, वर नाणं चिकटवलेलं. नखाने खरवडून काढलं. त्याच्या मागे गोंदाचा पिवळा थर आणि लाल कागदाचा एवढासा तुकडा, त्यावर सोनेरी गणपतीचा अर्धा कान. कंडक्टरने ते नाणं अंगठ्याने पुसलं, कान काही निघेना. "कोणाचं लग्न?" त्याने विचारलं. मी म्हटलं, मामेभावाचं. पाचचं नाणं माझ्या हातावर ठेवत म्हणाला, "मग रिकाम्या पाकिटाने जाताय होय?"

आता साध्या बसचे दहा आणि एसीचे बारा झालेत, मे २०२५ पासून. "दोन द्या, दहा देतो." विद्या तीच, आकडे नवे. आणि गंमत बघा, शहरात कोणाकडेच सुटे नसतात म्हणताना याच बसवाल्यांकडे मधल्या काळात नाणी एवढी साठली होती, की कर्मचाऱ्यांच्या पगाराचा काही भाग नाण्यांत दिल्याच्या बातम्या पेपरात आल्या होत्या. म्हणजे सुटे आहेत. फक्त आपल्या वाटेला येत नाहीत.

आलेच तरी चालतात कुठे? दहाच्या नाण्याचं घ्या. रुपयाची खूण नसलेलं दहाचं नाणं आमच्या बाजारात भल्याभल्यांनी नाकारलंय. ज्या नाण्यावर पंधरा रेघा ते खोटं, दहा रेघांचं खरं, असंही एक शास्त्र मध्यंतरी निघालं होतं. रुपयाची खूणच मुळात २०१० साली ठरली, मग त्याआधीच्या नाण्यावर ती येणार कुठून? रिझर्व्ह बँकेने जानेवारी २०१८ मध्ये पत्रक काढून सांगितलं, की दहाची नाणी चौदा प्रकारची आहेत आणि चौदाही चालतात. आईने ती बातमी कापून पाकिटात ठेवली आणि भाजीवाल्या मावशींना नेऊन दाखवली. मावशींनी कात्रण नीट वाचलं, उलटून मागची साड्यांच्या सेलची जाहिरातही वाचली आणि परत दिलं. "कागद बरोबर आहे ओ," त्या म्हणाल्या, "पण नाणं नाय चालत."

औषधवाला दोन रुपयांऐवजी खोकल्याच्या गोळ्या देतो. त्याबद्दल मी काही लिहीत नाही. एवढ्या खाल्ल्यात की घशातून तक्रारच निघत नाही.

अशी न चालणारी नाणी जातात आईच्या डब्यात. स्टीलचा डबा, बुडाला मावशीच्या लग्नाची तारीख कोरलेली. त्यात पंचवीस पैसे आहेत, अकरा कोनांचे जुने दोन रुपये आहेत, पाचाचा तो जुना जाडजूड बंदा आहे. ८ नोव्हेंबर २०१६ च्या रात्री नोटाबंदी जाहीर झाली आणि मग लोक दोन हजारांची कोरी गुलाबी नोट घेऊन कोथिंबीर घ्यायला निघायचे, तेव्हा आमच्या मजल्यावर या डब्याला बँकेपेक्षा जास्त पत होती. शेजारच्या काकू वाटी घेऊन यायच्या, विरजणाला येतात तशा. आई मोजून द्यायची आणि कॅलेंडरवर दुधाच्या रतिबाच्या खाली लिहून ठेवायची.

त्याच वर्षी यूपीआय आलं होतं. तेव्हा कोणी फारसं मनावर घेतलं नाही, पण आता मावशींच्याही तराजूला तो काळापांढरा चौकोन दोरीने बांधलेला असतो. सव्वीस म्हणजे सव्वीस, चौदा पैसेसुद्धा देता येतील हवे तर. माझी तक्रार मिटायला हवी होती. मिटलीही होती काही महिने, आणि त्या महिन्यांत मला संध्याकाळी घरी सांगायला काही उरलं नव्हतं. आई विचारायची, "दिले का?" मी म्हणायची, "फोनने दिले." मग ती टीव्ही लावायची. नाही म्हणायला नव्या तक्रारी उगवल्या. दहा रुपयांचा कढीपत्ता घेतला तरी ते खोकं अख्ख्या गल्लीला ओरडून सांगतं, यांनी दहाच दिलेत. आपण फोन धरून उभे आणि चौकोनात ते चक्र गरगर फिरतंय, पैसे गेलेही नाहीत आणि आहेत असंही नाही. पण या तक्रारीत समोर माणूस नसतो. सर्व्हर डाऊन आहे म्हटल्यावर भांडणार कोणाशी? सर्व्हरला खिसा नाही, तो काचेतून लांब बघत नाही.

मी पुन्हा नोटा द्यायला लागले. चार्जिंग संपतं, असं घरी सांगितलंय.

परवा पाऊस होता. रिक्षा दारात थांबली, सव्वीस झाले, मी तीस दिले आणि बसून राहिले. त्याने नोटा खिशात कोंबल्या. काचेतून लांब बघितलं. मी म्हटलं, "चार रुपये?" त्याने हँडलखालच्या कप्प्यात हात घातला, चिंध्या आणि उदबत्तीचा पुडा बाजूला सारला आणि पाचाचं नाणं काढून माझ्या हातावर ठेवलं. "चार छुट्टा नहीं है, पाँच रख लो." मी रुपया शोधायला पर्स उघडली. पहिल्या कप्प्यात नाही, दुसऱ्यात नाही. "जाने दो मॅडम," तो म्हणाला आणि वळणावरून गेलासुद्धा.

दोन मजले कशीबशी चढले. मनात भांडायला कोणी नाही. आईने दार उघडलं.

"दिले का?"

"पाच दिले."

आईने नाणं हातात घेतलं, दोन्हीकडून बघितलं आणि डब्यात टाकलं. झाकण लावता लावता थांबली.

"रुपया सोडून गेला," ती म्हणाली, "म्हणजे मीटर फास्ट असणार मेल्याचा."