कायमचं हवं होतं, तात्पुरतं घेऊन आले

बारावीपासून माझ्या दोन्ही गालांवर मुरमांचे खड्डे आहेत. दिराचं लग्न ठरलं तशी जाऊबाईंनी एक नंबर दिला. किनारपट्टीवरच्या एका हॉटेलच्या खोलीत कुणी बाई 'पर्मनंट फिलर', म्हणजे खड्डे वर उचलणारं कायमचं इंजेक्शन, भरून देते म्हणे, आयुष्यभर पुन्हा बघायला नको. आत काय असतं असं मी फोनवर विचारलं. "इम्पोर्टेड आहे, मॅडम." फोटो मागितला तर लेबलच नसलेली सिरिंज आली.

तेवढ्यावर फोंड्याहून कदंबची बस पकडली आणि पणजीत एका त्वचारोगतज्ज्ञ बाईंकडे गेले. तिथेही मी मागितलं ते कायमचंच. डॉक्टरांनी नकार दिला नाही, पण समजावताना अर्धा तास घेतला. परवानगी असलेल्या कायमच्या फिलरमध्ये पीएमएमए नावाच्या प्लास्टिकचे 30 ते 50 मायक्रॉनचे गोळे असतात. शरीरातल्या पेशींना ते गिळता येत नाहीत, म्हणून ते राहतात. अमेरिकेत त्याला 2006 मध्ये नाकाशेजारच्या घड्यांसाठी आणि 2014 मध्ये गालांवरच्या मुरमांच्या खड्ड्यांसाठी मान्यता मिळाली. ते गोळे गाईपासून काढलेल्या कोलॅजनमध्ये मिसळलेले असतात, त्यामुळे आधी हातावर चाचणी करून चार आठवडे थांबायचं. (मासे आम्हाला रोज चालतात, पण गाय गालात? आईला काय सांगणार होते मी!) आणि गाठी आल्या तर कधीकधी काही वर्षांनी येतात. विरघळवायला औषध नाही, कधीकधी शेवटी कापूनच काढावं लागतं. सुट्या सिरिंजमधलं सिलिकॉन असेल तर त्याची गोष्टच नको, असं म्हणून त्यांनी हात जोडले.

मग ठरलं हायल्युरॉनिक ॲसिड, म्हणजे तात्पुरता फिलर. साधारण वर्षभर टिकतं, आणि बिघडलं तर हायल्युरोनिडेज टोचून विरघळवता येतं.

भरायच्या दिवशी आधी प्रश्नच प्रश्न. ॲस्पिरिन चालू आहे का, नुकतं दाताचं काही केलंय का, ओठांवर तापाचे फोड येतात का, गरोदर तर नाही ना. तोंड दोनदा पुसलं, फोटो काढले, सही घेतली. खोका माझ्यासमोर फोडला, मुदत मला वाचायला लावली आणि लॉट नंबरचा स्टिकर माझ्या कार्डावर चिकटवला. शेजारच्या ट्रेमध्ये एक छोटी कुपी होती. "ही कशाला?" "ही आज लागू नये म्हणून ठेवलीय." तीच ती हायल्युरोनिडेजची.

आधी खड्ड्यांना आत ओढून धरणारे कातडीखालचे धागे सुईने तोडले. दुखलं नाही, पण चुरचुर आवाज कानात येत होता, वाळकी खोबऱ्याची कवड खवावी तसा. मग कॅन्युलाने, म्हणजे बोथट टोकाच्या बारीक नळीने फिलर, अगदी थेंबाथेंबाने. मध्येच त्यांचा हात थांबला. डाव्या गालावर रुपयाएवढा पांढरा डाग आला होता, हे मला नंतर कळलं. त्यांनी बोटाने दाबलं, सोडलं, बघितलं. पुन्हा दाबलं. खोलीत कुणी बोलेना. "दुखतंय का? नजर नीट आहे?" दोनेक सेकंदांत लाली परत आली. रक्तवाहिनी तुंबली असती तर ती अशी परतली नसती, असं त्या म्हणाल्या. तरी त्या बाजूला त्या दिवशी पुढे काही भरलं नाही.

जाताना कागदावर ठळक लिहून दिलं: कातडी पांढरी पडली, जाळीसारखी निळसर दिसली, दुखणं वाढत गेलं किंवा नजर धूसर झाली तर सकाळची वाट बघायची नाही. त्यांना फोन करायचा, लागला नाही तर तडक बांबोळीचं गोमेकॉ, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजचं हॉस्पिटल. दोन दिवस सूज होती. चवथीच्या नेवऱ्या तळायला मी गेले नाही, धग नको सांगितलं होतं. जाऊबाई फुगल्या.

डाव्या गालावर खालच्या बाजूला एक खड्डा अजून तसाच आहे. महिन्याने दाखवायला गेले तेव्हा डॉक्टर म्हणाल्या, "आधी हे बसू दे. त्याचं मग बघू."