शनिवार, दुपारचे बारा

डॅलसहून विचिटाला निघालो होतो. मे महिना, वाटेत ओक्लाहोमा. चार रात्री मी टोर्नेडोचे व्हिडिओ बघत बसलेली, त्यामुळे प्रत्येक काळा ढग माझ्यावरच टपलाय असं वाटत होतं. नवरा म्हणाला, "अगं, तो ढग आहे, सासू नाही." (हे आईंना कळवलंय.)

ओक्लाहोमा सिटीत पेट्रोल भरायला थांबलो आणि टोर्नेडोचा भोंगा सुरू झाला. लेकीला उचललं आणि धावत दुकानात. काउंटरवरच्या आजीबाई शांतपणे सुट्टे पैसे मोजत होत्या. "शनिवार आहे ना, बारा वाजता चाचणी असते." बाहेर लख्ख ऊन!

मग त्यांनीच शिकवलं. 'वॉच' म्हणजे हवा तशी आहे, लक्ष ठेवा. 'वॉर्निंग' म्हणजे टोर्नेडो दिसलाय किंवा रडारवर आलाय, आत जा. इशारा काउंटीच्या (म्हणजे तिथल्या जिल्ह्याच्या) नावाने येतो, म्हणून आपण कुठल्या काउंटीत आहोत ते माहीत हवं. मला कुठे माहीत होतं? आणि पुलाखाली थांबायचं नाही, तिथे वारा उलट जोर धरतो.

त्याआधी वाटेत मूर गाव लागलं होतं. २० मे २०१३ ला तिथे टोर्नेडोत २४ माणसं गेली. तेव्हा गाडीत कुणी बोललं नव्हतं.

तरी हिशेब सांगते: अमेरिकेत वर्षाला साधारण १२०० टोर्नेडो, बहुतेक दुबळे, बळी सरासरी सत्तरेक. रस्ते अपघातात चाळीस हजारांच्या आसपास. आणि मी व्हिडिओंपायी चार रात्री न झोपता गाडी चालवत होते!

विचिटापर्यंत नवऱ्याने चालवली. मी घोरत होते म्हणे.